निंगतो बा आता

भोयर आमच्या घरी येतो तेव्हा त्याचं पहिलं वाक्य असतं, "निंगतो बा आता." फाटकाची कडी त्यानं अजून धड लावलेली नसते, एक चप्पल पायातच असते. एखाद्या नवख्याला वाटावं, या माणसाच्या घरी कुणीतरी आजारी आहे. तसं काही नसतं. झरी जामणीच्या बाजूच्या आपल्या गावाहून गाड्या बदलत बदलत तो आर्णीला आलेला असतो, आणि चांगला चार दिवस राहायला आलेला असतो.

तो खुर्चीच्या पार टोकावर बसतो. गळ्यातला दुपट्टा गळ्यातच आणि काळी रेक्झिनची बॅग मांडीवर. त्या बॅगेत लुंगी असते, दाढीचं सामान असतं आणि उशीचा अभ्राही असतो, कारण दुसऱ्याच्या अभ्र्यावर त्याला झोप येत नाही. स्वतःचा अभ्रा घेऊन आलेला माणूस "मी काही थांबत नाही" म्हणतो तेव्हा त्याला काय उत्तर द्यावं, हे मला इतक्या वर्षांत समजलेलं नाही.

"चहा ठेवलाच असंल तं घेऊन निंगतो," तो म्हणतो. चहा होतो. "सैपाक झालाच असंल तं दोन घास खाऊन निंगतो." जेवण होतं, आणि भोयरचे दोन घास म्हणजे काय ते माझ्या बायकोला, नलिनीला, बरोबर ठाऊक असल्यामुळे ती कणीक आधीच जास्त भिजवते. मग "जराकसा आडवा होतो आन निंगतो" म्हणत तो बॅग उघडतो आणि अभ्रा बाहेर येतो.

यावरचा इलाज नलिनीनं शोधून काढला. तो आला की ती हात पुढं करते. "भाऊजी, बॅग द्या इकडं."

"नाही वहिनी, मी निंगूनच राह्यलो."

"द्या म्हणते ना."

मग थोडी ओढाओढ होते. भोयर बॅग धरून ठेवतो, अगदी मनापासून धरतो, आणि मग सोडतो. नलिनी ती आलमारीवर टाकते. तेव्हा कुठं भोयर खुर्चीत मागं टेकतो, दुपट्टा काढतो आणि विचारतो, "तूर कशी हाय यंदा तुमच्याकडं?" पाहुणा आता आला, असं आम्ही समजतो.

हा रोग जुना आहे. यवतमाळला कॉलेजात असताना आम्ही तिघं होस्टेलवर आणि भोयर गावात दूरच्या एका मामाकडं राहायचा. रोज संध्याकाळी तो आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर एक पाय ठेवून उभा राहायचा आणि म्हणायचा, "सहज आलतो. निंगतो." आम्ही त्याला शर्टाला धरून आत ओढायचो. त्याच्या कुठल्याच शर्टाला खालचं बटन नव्हतं, ती सगळी आमच्या खोलीत पडलेली असायची. जेवणाच्या वेळेला मामी दार लोटून घ्यायची, एवढं आम्हाला कुणाकडून तरी कळलं होतं. त्यानं स्वतः कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मेसच्या ताटात चार हात घालून जेवायचं आणि जेवता जेवता भांडायचं, हेच आमचं त्या वयातलं सगळं शहाणपण.

माझ्या लग्नात तो हळदीच्या सकाळी आला आणि मांडवातच निरोप घेऊ लागला. "तोंड दाखवाले आलतो, निंगतो." प्रत्यक्षात लग्न झालं, वऱ्हाड गेलं, मांडववाला खांब काढायला आला, तेव्हा भोयर त्याच्याबरोबर सतरंज्यांच्या घड्या करत होता. नलिनीनं त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते तसं. तिला बरेच दिवस तो मांडववाल्याचाच माणूस वाटत होता.

पुढं तो आश्रमशाळेत मास्तर झाला. जंगलातली गावं, पावसात तुटणारे रस्ते, पण तिथं त्याचा जीव रमला, कारण त्याची बायको, शांतावहिनी. आम्ही एकदा त्यांच्याकडं गेलो होतो. सकाळी शाळेची घंटा झाली. भोयर दारात जाऊन म्हणाला, "निंगतो." आतून वहिनी म्हणाली, "थांबा ना जी, काय घाई हाय?" भोयर खुश होऊन तरातरा शाळेत गेला. दुसऱ्या दिवशी तेच. एक दिवस वहिनीच्या तोंडात पानाचा तोबरा होता, तर हा दारातच उभा. घंटा वाजून गेली, पोरं रांगेत उभी राहिली, मास्तर उंबऱ्यावर. शेवटी वहिनीनं पान थुंकून "थांबा ना" म्हटलं तेव्हा गेला. आम्ही पोट धरून हसलो होतो.

शांतावहिनीला जाऊन आता काही वर्षं झाली. मुलगी हैदराबादला असते. भोयर रिटायर होऊन गावातच राहिला.

यंदा थंडीत मी ठरवलं की होस्टेलची टोळी शेतावर जमवायची आणि रोडग्यांचा, म्हणजे निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, कार्यक्रम करायचा. बाकीचे दोघं यवतमाळहून दुसऱ्या दिवशी येणार होते, भोयर आदल्या दिवशी. त्याच्याशिवाय रोडगे होतच नाहीत. आम्ही गोवऱ्यांच्या आरात भाजले की ते बाहेरून कोळसा आणि आतून पीठ. भोयर प्रत्येक रोडगा उचलून कानाजवळ नेतो, बोटानं ठोकतो आणि म्हणतो, "अजून बोलत नाही हा." परत आरात टाकतो. बोलणारा रोडगा कसा असतो ते आम्हाला त्यानं पुष्कळदा समजावलं. आम्हाला फक्त चटका बसतो.

त्या दिवशी मी गोवऱ्या आणायला गेलो होतो, नलिनी वांग्यांसाठी बाजारात गेली होती आणि घरी आमचा रोहित होता. तो पुण्याला नोकरी करतो, सुट्टीला आला होता. मी परत आलो तर खुर्ची रिकामी होती.

"भोयर आला नाही का रे?"

"आले होते ना. मी चहा दिला. ते म्हणाले, निघतो. मी म्हटलं, चला काका, सोडतो. स्टँडवर सोडून आलो आत्ताच."

"थांबा नाही म्हटलं त्याले?"

"बाबा, ते दोनदा म्हणाले निघतो. माणसाला जायचं असेल तर अडवायचं कशाला?"

रोहितचं काही चुकलं नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. तोवर नलिनी वांगी घेऊन आली आणि स्वयंपाकघरातून तिची हाक आली. ओट्यावर एक कापडी थैली होती. तिनं तोंड सोडलं तर आत जाडसर दळलेली गव्हाची कणीक, रोडग्याची. झरीकडून इतक्या लांब मांडीवर धरून आणलेली. आपण नसलो तरी कार्यक्रम अडू नये म्हणून तो ती ठेवून गेला होता.

"निंगणारा माणूस कणीक घेऊन येते का?" नलिनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "जा तुम्ही आधी."

मी तसाच गेलो. गोवऱ्यांचं पोतं स्कूटरवर पायाशीच होतं, ते उतरवायचंही सुचलं नाही. स्टँडवर लोक पोत्याकडं आणि माझ्याकडं पाहू लागले. भोयर बाकाच्या टोकावर बसला होता, मांडीवर बॅग. समोर पांढरकवड्याची गाडी लागलेली होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"पोरगं चांगलं हाय तुहं," तो समोर पाहतच म्हणाला. "लय अदबीनं बोलते. सोताहून सोडून देल्लं."

"गाडीत बसला काहून नाही मंग?"

"गर्दी हाय लय."

गाडीत कंडक्टर होता आणि टोपली घेतलेली एक म्हातारी होती. आम्ही दोघंही त्या म्हातारीकडं पाहत राहिलो.

"त्याची चूक नाही," भोयर म्हणाला. "मीच म्हणलं निंगतो. आता माह्या घरी मी म्हणतच नाही. कोणाले म्हणू? कुलूप लावतो आन निंगतो. तुह्या घरी आलो का म्हणून घेतो. कोणी थांब म्हणलं का बरं वाटते."

जन्मभर ज्या वाक्याची आम्ही टर उडवली, ते हा माणूस एवढ्यासाठी म्हणत होता. मी बॅगेला हात घातला आणि म्हणालो, "थांब बे. कुठी जात नाही तू."

त्यानं बॅग लगेच सोडली. ओढाओढ नाही, काही नाही. ते मला बघवलं नाही.

"ओढ ना जराशी," मी म्हणालो.

तो हसला आणि बॅग ओढली. मीही ओढली. कंडक्टर खिडकीतून म्हणाला, "काका, भांडण घरी करा, गाडी सुटून राह्यली." गाडी सुटली. भोयर स्कूटरवर मागं बसला आणि गोवऱ्यांवरून माझ्याशी वाद घालू लागला, की या ओलसर आहेत, आर धरणार नाहीत.

त्या ओलसरच निघाल्या. शेतावर धूर झाला, आम्ही सगळे डोळे पुसत बसलो, आणि धुराच्या आडोशानं कोण कशासाठी डोळे पुसतो ते कुणाला कळलं नाही. रोडगे मात्र बोलले. जेवणं झाल्यावर भोयर हात धुऊन म्हणाला, "निंगतो बा आता," तेव्हा कुणी काही म्हणायच्या आत रोहित उठला. "काका, थांबा ना," तो म्हणाला, जरा अवघडून, शाळेत कविता म्हणतात तसं. मग त्यानं भोयरची बॅग उचलली आणि शेतात आलमारी नसल्यामुळे झाडाच्या फांदीला टांगली.

भोयर खरोखर गावी परत गेला त्या सकाळी तो "निंगतो" एकदाही म्हणाला नाही. त्यावरूनच आम्ही ओळखलं.

आता रोज संध्याकाळी मी त्याला फोन लावतो.

"बोल लवकर," तो म्हणतो, "ठेवून राह्यलो मी."

"थांब ना बे, काय घाई हाय?"

पलीकडं खुर्ची मागं सरकल्याचा आवाज येतो. मग तो विचारतो, "तूर कशी हाय यंदा तुमच्याकडं?" तूर केव्हाच घरात आलेली आहे, त्यालाही ते माहीत आहे. तरी मी सांगायला सुरुवात करतो.