लागू उपमा

वाघोड्यात माणसाला दिलेली उपमा पंचांना पटली की ती लागू होते आणि दिवेलागणीपर्यंत माणूस तसा होतो. म्हणून तिथे सगळे जपून बोलतात. गोऱ्या सुनेला गोरी म्हणतात आणि पुढचं गिळतात.

पण रागाला कुठली आलीय अक्कल! मुलगा आठवडाभर बोलला नाही, तेव्हा दिगंबरची आई अंगणात ओरडली, "पोटी दगड आला माझ्या!" शेजाऱ्यांनी ऐकलं. ऐकलेली उपमा चावडीवर न्यावीच लागते.

तिथे तिघे पंच एकमेकांकडे पाठ करून बसतात आणि समजलेला अर्थ एकेक करून सरपंच आक्कांना सांगतात. तिघांचा अर्थ जुळला, की झालं. दिगंबर समोर मान खाली घालून बसला होता. त्याची बायको शालन दाराशी उभी होती.

"केरबा शिंपी म्हणतो, माया नसलेला. चंद्रभागाही तेच म्हणते," आक्का म्हणाल्या. "नामदेवराव, तुमचं?"

नामदेवराव विचारात पडले.

"माया नाही कशी?" ती पुढे झाली. "बाळंतपणात रात्र रात्र माझे पाय चेपलेत ह्यांनी. सासूबाईंचं पथ्यपाणी कोण बघतं? बोलत नाहीत, एवढंच. अहो आक्का, आमच्या घराचा खांब आहेत हे!"

"मग दगड नाही पटत," नामदेवराव म्हणाले.

दगड फेटाळला गेला. शालनला इतकं हायसं वाटलं, की आपण काय बोललो ते तिच्या लक्षातच आलं नाही.

"आता दुसरी घ्या," आक्का म्हणाल्या.

या वेळी कुणालाच विचार करावा लागला नाही. तिघांनी एकच अर्थ सांगितला. चंद्रभागेने तर डोळे पुसले. "किती नेमकं बोललीस गं पोरी!"

शालनने आक्कांचे पाय धरले. दिगंबरने तिला हात देऊन उठवलं. आठवड्यात पहिल्यांदाच तो हसला.

"चल," तो म्हणाला. "उजेड आहे तोवर जागा बघू. माजघरात मधोमध बरं पडेल."

दिवेलागणीला सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं. वाऱ्याने कुरकुरणारं आढं गप्प झालं होतं. शालन पोटभर रडली. मग ताट वाढून घेऊन ती खांबाला टेकून जेवायला बसली. तो अजून कोमट होता.