जनाकाकी आणि मागची धाप

"ए डोंबिवली! धाप ऐकू येत नाय तुझी! मेलीस काय गो?"

कल्याण-मुरबाड रस्ता, सकाळचे सहा, आणि मान न वळवता माझ्या नावाने बोंबलणारी बाई म्हणजे बाळकुमची जनाकाकी. मी डोंबिवलीच्या मानपाड्याची, म्हणून मला ती 'डोंबिवली' म्हणते. माझं खरं नाव तिला माहीत असेल, अशी माझी खात्री नाही.

आम्ही पाचजणी हौशी सायकल शर्यतींत उतरतो. आमचा डाव एकच. काकीने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, आम्ही तिच्या चाकामागे चिकटून दम वाचवायचा, शेवटी ती बाजूला झाली की एकीने सुसाट सुटायचं. काकीची पाठ अशी की तिच्यामागे निरांजन धरलं तरी विझू नये. तिला बघून खाडीचा वारा मुंब्र्याकडे वळलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. वेग दाखवणारं यंत्र तिने कधी लावलं नाही. मागच्या धापांवर तिचं लक्ष. धापा वाढल्या की हळू, ऐकू येईनाशा झाल्या की शिव्या.

तिच्या भातशेतावर आता टॉवर आहे. त्यात अकराव्या मजल्यावर, काका गेल्यापासून, ती एकटी. सराव संपला की "चला गो, चहाला" म्हणते. आम्हा प्रत्येकीला नेमकं ऑफिस असतं.

सात वर्षांत ती एकही शर्यत जिंकली नव्हती. यंदा डॉक्टरांनी गुडघे बघून सांगितलं, ही शेवटची. आम्ही ठरवलं, या वेळी वारा आपण खायचा आणि काकीला जिंकवायचं. ती ऐकेना. शेवटी आम्ही चौघींनी भर रस्त्यात तिचे पाय धरले, तेव्हा कुठे "बरं" म्हणाली.

शर्यतीत आम्ही आळीपाळीने पुढे झालो. शेवटच्या वळणावर मी ओरडले, "काकी, सूट!"

सुटली! पन्नास हात पुढे, एकटी. समोर मोकळा रस्ता आणि चुन्याची रेघ. रेघ दहा हातांवर असताना काकीने करकचून ब्रेक दाबला आणि आयुष्यात पहिल्यांदा मान वळवून मागे पाहिलं. दुसऱ्या संघाच्या, निळ्या जर्सीतल्या दोघी तिच्या बाजूने निघून गेल्या.

मी भडकलेच. "अगं काकी, जिंकलेलीस तू! मागे काय बघत होतीस?"

काकी साखळी पुसत होती.

"मागं कुणाची धापच येईना," ती म्हणाली. "घरी बसल्यासारखं वाटलं."