ए विंगमधला फितूर

माझ्या मुलीच्या सातव्या वाढदिवसाला मी देवरे साहेबांच्या हातात केकची सुरी दिली, ही चूक माझीच. वयानं मोठे, शेजारच्या विंगमधले, म्हटलं मान द्यावा. त्यांनी सुरी घेतली, समोरच्या चौदा पोरांकडे चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "सकाळपासून कोणी काय काय खाल्लं? एकेकानं सांगा."

पोरांनी भाबडेपणानं सांगितलं. कोणी डोसा, कोणी पिझ्झा. पिझ्झावाल्याच्या ताटलीत बोटभर तुकडा पडला. चौथ्या पोरापर्यंत सगळ्यांना पद्धत कळली आणि त्यानंतर एकाही पोरानं सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. एकजण तर कालपासून उपाशी निघाला. त्याची आई शेजारीच उभी होती.

देवरे साहेब हर्षानं माझ्याकडे वळले. "बघा सेक्रेटरीबाई, राज्यंसुद्धा दिल्लीला जाऊन अश्शीच बोलतात!"

माझ्या मुलीला सगळ्यात लहान तुकडा मिळाला. यजमान म्हणजे श्रीमंत राज्य, त्यांनी समजावलं. श्रीमंत राज्यानं भोकाड पसरलं.

देवरे साहेब मूळचे सटाण्याकडचे. उभी नोकरी एका सरकारी कार्यालयाच्या लेखा विभागात झाली. वरून आलेला पैसा खाली वाटायचा, हे काम. दिल्लीचा पैसा मुंबईत येतो, मुंबईचा जिल्ह्यात, जिल्ह्याचा गावात. या प्रवासात तो कुठे रेंगाळतो, कुठे वळतो आणि आधीच भरलेल्या घरात कसा शिरतो, यावर ते कुणालाही लिफ्टमध्ये अडवून बोलू शकतात. निवृत्त झाल्यावर वाटायला काही उरलं नाही, म्हणून ते आमच्या सोसायटीच्या मागे लागले. कुठल्याही बैठकीत त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सूत्र काय?" गणपतीच्या प्रसादालाही सूत्र लागायचं.

आमच्या तीन विंग. ए विंगमध्ये मोठे फ्लॅट आणि पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्हही त्यांच्याच पार्किंगमध्ये. बी विंगमध्ये आम्ही मधले. सी विंगमध्ये एका खोलीचे संसार आणि एप्रिलपासून कोरडे नळ. देवरे साहेबांनी विंगना नावंच देऊन टाकली: मुंबई, नाशिक आणि डोंगरातलं गरीब सुरगाणा. स्वतः ते राहतात मुंबईत, चौथ्या मजल्यावर.

पाण्याच्या बैठकीत ए विंगचे दातांचे डॉक्टर उठले. "आम्ही मेंटेनन्स जास्त भरतो. पाणी आम्हाला जास्त नको?"

"मुंबई हेच म्हणते!" देवरे साहेब खुर्चीवरून अर्धे उठले. "कर आम्ही भरतो, आम्हालाच परत द्या. मग सुरगाण्यानं काय करायचं, डॉक्टर? चूळ भरायला तुमच्या दवाखान्यात यायचं?"

मग त्यांनी सूत्र मांडलं. घरात माणसं किती, टाकीपासून अंतर किती, स्वतःच्या पैशानं टँकर मागवायची ऐपत किती. सूत्र भरायला ते फॉर्म घेऊन सी विंगमध्ये घरोघरी फिरले. तोंडी माहितीवर विश्वास नाही (केकचा अनुभव ताजा होता), म्हणून फ्रीज उघडून बघायचे. शेख भाभींनी शेवटी हात जोडले. "चाचा, पाणी द्या, नका देऊ, पण फ्रीजचं दार लावा. लाइट बिल मला येतं."

निकाल लागला. सी विंगला तासभर पाणी, ए विंगला वीस मिनिटं. पहिल्याच दिवशी देवरे काकू साबणाचे हात घेऊन माझ्या दारात. "यास्ना डोकामा नुसतं सूत्र शे, सूत्र! बायकोच्या बादलीचं काय, ते नाय त्यात!" डॉक्टरांनी त्या दिवसापासून साहेबांना फितूर म्हणायला सुरुवात केली. सी विंगनं आभार वगैरे मानले नाहीत. दोन घरांनी तर आपलं उत्पन्न फॉर्ममध्ये जास्त दाखवलं म्हणून तक्रार दिली.

तरी इथवर निभावलं असतं. पण मग आमदार आले.

आमच्या गेटसमोरच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे होते. ब्लॉक आधीच होते, चांगले होते. त्याआधीही होते. पण निधी मंजूर झाला होता आणि आम्ही नको म्हणणाऱ्यातले नव्हतो. मी स्वतः रांगोळी काढली. फुलांचे हार आले, कुदळीला रिबीन बांधली. आमदार कुदळ उचलणार तोच मागून आवाज आला, "साहेब, आम्हाला निधी नको."

मला हातातली आरतीची थाळी खाली ठेवावी लागली.

आमदार हसले. "काका, विकासाला नाही म्हणता?"

"ब्लॉक आहेत आमच्याकडे. दोनदा झाले. हा पैसा जिथे रस्ताच नाही तिथे द्या."

"काका, माझा निधी माझ्याच मतदारसंघात लागतो."

"म्हणजे ज्यांच्याकडे आहे त्यांनाच द्यायचं. सूत्र चांगलंय."

आमदार हसतच कुदळ मारून गेले. ब्लॉक बसले. पण सोसायटीनं देवरे साहेबांना माफ केलं नाही. पुढच्या खेपेला आपल्याला बाकडी मिळणार होती, गेटवर कमान मिळणार होती. या माणसानं सगळ्यावर पाणी फिरवलं, असा ठराव डॉक्टरांनी मांडला. साहेबांना सोसायटीच्या ग्रुपमधून काढायचं ठरलं. काढायचं बटण सेक्रेटरी म्हणून मीच दाबलं. काकूंना हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं नाही. जिन्यात साहेब दिसले की लोकांना एकदम मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडायचं. मलाही सापडायचं.

पंधरा दिवसांनी त्यांनी बेल वाजवली. "सेक्रेटरीबाई, रविवारी गाडी मोकळी आहे? सुरगाण्याकडे जायचंय. एसटी लवकर परतते, मला जरा वेळ लागेल." मी हो म्हणाले. मनाला ते बटण टोचत होतं, दुसरं काही नाही.

घाट चढून झाला. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी सांगायला सुरुवात केली. एका मार्चमध्ये त्यांच्या टेबलावर एका पाड्याचा प्रस्ताव आला होता. नदीवर साकव हवा होता, माणसं चालत जातील एवढाच छोटा पूल. प्रस्तावात एक दाखला कमी होता. साहेबांनी शेरा मारला: त्रुटी दूर करून फेरसादर करावा.

"दाखल्यासाठी त्यांनी तालुक्याला यायचं, अभियंता गाठायचा, तो भेटला नाही की परत जायचं. तेवढ्यात मार्च संपत आला. पैसा वाया जाऊ नये म्हणून एका द्राक्षवाल्या गावाकडे वळवला. त्यांचा प्रस्ताव टाइप केलेला, रंगीत फोटो लावून तयार. चांगल्या रस्त्यावर आणखी एक थर पडला."

"पण नियमानं तुमची चूक नव्हती," मी म्हणाले.

"नव्हतीच. म्हणून तर कोणी विचारलंही नाही."

निवृत्तीनंतरच्या महिन्यात ते नदी बघायला म्हणून आले. पावसाळ्यात पोरं शाळेला कशी जातात, ते काठावर उभं राहून पाहिलं. मग येतच राहिले. यमुनाबाई म्हणून पाड्यातल्या ग्रामपंचायत सदस्य होत्या. त्यांना शेजारी बसवून साहेबांनी नवा प्रस्ताव केला. कुठला दाखला कुणाकडून आणायचा, पोच कशी घ्यायची, कागद कसा वाचायचा, सगळं शिकवलं. प्रस्ताव तीनदा परत आला. चौथ्यांदा मंजूर झाला.

साकव उभा होता. फार मोठा नाही, करड्या सिमेंटचा, एका बाजूचा कठडा अजून ओला. पलीकडून यमुनाबाई आल्या, पन्नाशीच्या, पदर खोचलेला. "या साहेब, चाला ना वरून. तुमच्यासाठीच थांबलोय सगळी."

देवरे साहेब चार पावलं चालले आणि मध्येच उभे राहिले. खाली गुडघाभर पाणी वाहत होतं.

"यमुनाबाई, एक सांगायचं राहिलंय. पहिला प्रस्ताव, तो जुना... तो परत पाठवणारा मीच."

"म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगतंय? जुना कागद तुमीच लावला ना फायलीत. मागचा संदर्भ लावावाच लागतो म्हणले. खाली सही व्हती. वाचायला तुमीच शिकवलं."

साहेबांनी कठड्यावर हात ठेवला. सिमेंट ओलं होतं, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

"इतकी वर्षं माहीत होतं, मग बोलला का नाहीत?"

"बोलली असती, त तुमी परत आला असता का?"

 साहेबांनी खाली पाण्याकडे पाहिलं. यमुनाबाईंनी त्यांचा हात कठड्यावरून उचलून पदरानं पुसला, आणि धरूनच त्यांना पलीकडे नेलं.