नाकराव आणि भुलीचे दोन मार्ग

कोणत्याही संस्थेची भरभराट तिच्या जबाबदार माणसांना काय कळत नाही, यावर अवलंबून असते. साबण कारखान्याचे मुख्य वासपरीक्षक (सगळे त्यांना नाकराव म्हणत) यांचं नाक कित्येक वर्षं ठार बंद होतं. त्या काळात त्यांनी एकही वडी नापास केली नाही. (त्यापूर्वी ते फार त्रास देत.) कारखाना वाढला, नाकराव वाढले आणि मालकांनी कृतज्ञतेपोटी त्यांच्या नाकावर दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलला.

नाकराव धास्तावले. नाक उघडलं की वास येणार, वास आला की खरं बोलावं लागणार, आणि खरं बोललं की आधीच्या सगळ्या 'उत्तम'चा जाब द्यावा लागणार. म्हणजे खुर्ची गेलीच.

भूलतज्ज्ञ बाई समजावू लागल्या, "काका, दोन मार्ग आहेत. शिरेतून औषध दिलं, तर बहुधा रक्त कमी येतं, सर्जनना आत स्वच्छ दिसतं. वायूने झोप तेवढीच गाढ लागते, पण दुर्बिणीसमोर कधी कधी रक्ताने अंधुक होतं."

"मग वायूच द्या," नाकराव म्हणाले. "जमलं तर जरा जास्तच."

सर्जनला कमी दिसावं म्हणून हटून बसलेला रुग्ण बाईंनी प्रथमच पाहिला. (इतर रुग्ण खोलीत एसी आहे का, एवढंच विचारतात.)

"अहो, काहीतरीच काय! त्यांना दिसू तरी द्या!" बायको कडाडली. "बाई, शिरेतूनच द्या. ह्यांचं ऐकू नका."

भूल शिरेतून दिली. सर्जनला सगळं लख्ख दिसलं, नाक सताड उघडलं. विज्ञानाने नाकरावांचा केसाने गळा कापला.

कामावर परतल्यावर व्यवस्थापकांनी स्वतः ताजी वडी त्यांच्या नाकाशी धरली. ओल्या पोत्यात उंदीर मरून पडावा, तसा वास होता. नाकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उत्तम," ते म्हणाले.

व्यवस्थापकांना ते आनंदाश्रू वाटले. बढती त्याच दिवशी मिळाली.

घरी न्हाणीघरात त्याच साबणाची वडी होती. "तुला कधी याचा वास आला नाही?" त्यांनी बायकोला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून येतोय की. पण तुम्ही पास केलेला साबण! म्हटलं, माझंच नाक बिघडलं असेल."

नाकरावांना तिचं फार कौतुक वाटलं. अशी माणसं आहेत म्हणून कारखाने चालतात. वाचकहो, आपणही आज सकाळी त्याच साबणाने आंघोळ केलीत आणि कुणाला काही बोलला नाहीत. म्हणजे भूल आपल्यालाही चढली आहे. ती शिरेतून की वायूने, एवढाच अभ्यास बाकी आहे.