शॉवरचा सांधा आणि सोयरीक

"प्लंबरला बोलवा म्हणतेय मी," सुहैला ओरडली.

"प्लंबर कशाला? मला काय हात नाहीत?" नज्मी बाथरूममधून गरजला.

हात होते, तीच तर भीती. मागे त्याने दाराची बेल दुरुस्त केली, तेव्हापासून कोणी बेल दाबली की घरातले दिवे जातात.

गच्चीवरच्या टाकीचं पाणी नव्या शॉवरला आणायचं होतं. नज्मीने प्लास्टिकची नळी कापली, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, नट आवळला, पुन्हा आवळला. "बघ! आता याला उंट बांध!"

"उंट राहू दे, पँट बदला. पाहुणे येतायत. आणि आज तरी 'विचार करून सांगतो' म्हणू नका."

"मुलीच्या बापाने लगेच हो म्हटलं, तर अख्खं अम्मान म्हणेल, घाई झाली होती!"

असंच म्हणत त्याने दोन स्थळं पिटाळली होती. पण हे तिसरं, हैथमचं, त्यांच्या लेकीने, लमीसने स्वतः पसंत केलेलं. आत ती नखं खात बसली होती.

पाहुणे आले. हैथमचे आजोबा, हाजी मिरवान, मधोमध बसले. समोर कॉफी आली, पण त्यांनी कपाला हात लावला नाही. होकार मिळेपर्यंत घोट घ्यायचा नाही, ही रीत. आणि कप भरलेला असताना यजमान उठला, तर नकार समजून पाहुण्यांनी चालू पडायचं.

हाजींनी स्वतःच्या पणजोबांपासून सुरुवात केली. पणजोबा घोड्यावर बसतायत न बसतायत, तोच बाथरूममधून 'फुस्स' झालं. मग 'फर्रर्र'.

"मांजर आहे," नज्मी म्हणाला.

मांजर दाराखालून वाहत आलं. गालिचा भिजला. कोपऱ्यातली चप्पल तरंगत सोफ्याकडे निघाली.

"अहो लमीसचे बाबा, घरात कारंजं आहे वाटतं?" हाजींनी पाय वर घेत विचारलं.

"हो, आहे छोटंसं."

"छान! तर पणजोबा..."

नज्मी अर्धवट उठला. हाजींच्या भुवया चढल्या. "काय, नकार?"

"छे छे! पँट चिकटली!" तो बसला. खाली पचक् आवाज झाला.

"मग काय सांगता?"

"विचार करू..." मोज्यात पाणी शिरलं. "दिली! मुलगी दिली! अल्लासाठी ती कॉफी प्या!"

हाजींनी कप उचलला. त्याच क्षणी बायकांचा आनंदाचा 'लुलुलुलु' असा लुलुकार उठला, तोही चक्क बाथरूममधून. आणि पाणी बंद!

नज्मी धावत आत गेला. चिंब भिजलेली लमीस, एका हातात नळी, दुसऱ्या हातात नट. सुहैलाचा हात कॉकवर.

"होकार ऐकला, केला बंद," सुहैला म्हणाली.

नज्मीने तिच्या हातातला नट घेतला. "म्हणजे... सांधा आपोआप नाही सुटला?"

"आपोआप? बाबा, पान्ह्याचा दांडा वाकला! आईने मला मागून ओढलं, तेव्हा कुठे निघाला."

नज्मीची छाती फुगली. तो पचक् पचक् करत बैठकीत पळाला. "हाजी! ऐकलंत? दोघींनी मिळून सोडवला, तरी सुटत नव्हता माझा सांधा!"

हैथमला ठसका लागला. हाजींनी नज्मीकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग आपल्या रिकाम्या कपाकडे.

"प्यायलो ना मी," ते हळूच नातवाला म्हणाले. "आता काही इलाज नाही, बाळा."