लातुरावरून जाणारं विमान

"मास्तर, माझा अवधूत माझ्या डोक्यावरून किती वाजता जाईल, तेवढं सांगा," गुणाबाई म्हणाल्या.

त्यांचा एकुलता एक अवधूत नोकरीच्या मुलाखतीसाठी मुंबईहून हैदराबादेला विमानानं निघणार होता. तिकीट कंपनीचं. निजामाच्या मुलखात विमानं नवीनच होती आणि लातुरात ती बहुतेकांनी चित्रातच पाहिलेली. पोरगा जमिनीला पाय न लावता जाणार, या विचारानं बाईंना अन्न गोड लागेना. निदान खालून ओवाळावं, म्हणजे तो सुखरूप उतरेल, असं त्यांनी ठरवलं आणि तसं पत्रही त्याला धाडलं.

रेणुकादास मास्तर शाळेत भूगोल शिकवत. त्यांनी भिंतीवरच्या नकाशात मुंबईपासून हैदराबादेपर्यंत सुतळी ताणली. अंतर चारशे मैल, वेग ताशी एकशे साठ, म्हणजे प्रवास अडीच तासांचा. नऊला सुटलं की लातुरावर दहा चाळीसला. लातूर सुतळीखाली झाकलं गेलं, यावर तर मास्तर फारच खूश झाले. त्या नकाशावर सुतळीची जाडीच तीस कोस भरते, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

ठरल्या दिवशी गुणाबाई ताम्हण घेऊन घराच्या माळवदावर चढल्या. शेजारच्या सिद्रामप्पानं दुकान बंद केलं, मग गल्लीतली सगळीच माळवदं भरली. जमाव पाहून एक पोलीस हटकायला आला आणि तोही मान वर करून उभा राहिला.

दहा चाळीसला दक्षिणेकडे एक ठिपका दिसला.

"घार हाय ती," सिद्रामप्पा म्हणाला.

"घार पंख हलवते," मास्तरांनी ठणकावलं.

गुणाबाईंनी डोळे भरून ओवाळलं. ओवाळून झाल्यावर ठिपक्यानं पंख हलवले. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठव्या दिवशी अवधूतचं पत्र आलं. बाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून त्या मास्तरांकडे आल्या. मास्तरांनी आधी मनात वाचलं. ऐनवेळी अवधूतची विमानातली जागा कुणा बड्या असामीला दिली होती आणि तो रेल्वेनं हैदराबादेला गेला होता. नोकरी लागली होती. समोर बाई पदर सावरून बसल्या होत्या. मास्तरांना खरं सांगवेना.

"आई," ते वाचू लागले, "नोकरी लागली. विमानातून तू स्पष्ट दिसलीस. तू ओवाळलंस म्हणूनच सुखरूप उतरलो."

"लुगडं कोणतं, ते लिवलंय का?"

"हिरवं," मास्तर घाईनं म्हणाले.

बाईंनी डोळे पुसले. "आता जवाब लिवा. रेल्वेनं गेलास ते लई बरं केलंस, म्हनावं."

मास्तरांची लेखणी थांबली.

"सिद्रामप्पा मालाला हैदराबादेला गेलता. तिथं भेटला त्याला अवधूत. कालच सांगितलं त्यानं."

"मग काकू, मला वाचू कशाला दिलंत?"

"तुमी इतक्या मायेनं वाचत हुता मास्तर, मधीच कसं थांबवू?"