देशाची पायवाट, वडीगोद्री मार्गे

आमच्या वडीगोद्रीत एखादी वस्तू दोन दिवस जागची हलली नाही, तर तिसऱ्या दिवशी तिच्यावर चुन्याचा पांढरा बाण उमटतो. हा बाण दत्तोपंतांचा.

जमीन मोजणीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी अरबी समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत पायवाट आखायला घेतली. जुन्या गाडवाटा, पाणंदी, शिवरस्ते एकमेकांना जोडायचे. डांबराला पाय लावायचा नाही. नकाशा लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर. "ओडिशा राह्यलंय," ते गंभीरपणे सांगतात. "लग्नसराईत होऊन जाईल."

एकदा त्यांनी गुरांच्या पाण्याच्या डोणीवर बाण काढला. मालकानं डोण फिरवून ठेवली आणि पाठीवर बोजे घेतलेली पुण्याची दोन माणसं बाणाबरहुकूम थेट त्याच्या गोठ्यात शिरली. दत्तोपंत मालकावरच कडाडले, "देश म्हशीखाली नेला की हो तुम्ही!"

पण त्यांचा जीव अडकला होता अंकुशनगरकडं शेतांमधून जाणाऱ्या एका पाणंदीत. पाणंदीलगतच्या शेताचे मालक बबनराव दरसाल नांगराचं एकेक तास पाणंदीत सरकवत होते. यंदा त्यांनी निरोपच धाडला : उद्या पाणंद नांगरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तोपंत माझ्या दारात. "अप्पा, चला जल्दी. चालणारं माणूस दिसलं तरच वाट जगती."

मी पोट सावरत निघालो. अर्धी पाणंद उलथलेली, बबनराव चालू ट्रॅक्टरवर.

"या काका! दोघंच? बाकीचा देश मागून येऊन राह्यला का?"

मी खो खो हसलो. आपण कुणाच्या बाजूनं आलोय, हे जरा उशिरा आठवलं.

बबनरावांनी खिशातून प्लास्टिकमध्ये जपलेला कागद काढला. पाहणीचा जुना अहवाल. 'सदर पाणंदीस वहिवाट नाही.'

"सही कोणाची, वाचा."

दत्तोपंतांनी खिशातून चष्मासुद्धा काढला नाही. "माझी."

"तवा जागेवर आल्ते का तुम्ही?"

"न्हाई. ऊन लई होतं. ढाब्यावर चहा पीत लिहिलं." दत्तोपंत ढेकळांकडे वळले. "अशा कितीतरी वाटा मी बसल्या जागी बंद केल्या, बबनराव. आठवल्या तेवढ्या जोडून राह्यलो."

समुद्रापासून समुद्रापर्यंत वगैरे त्यांना नंतर सुचलं असावं.

त्यांनी चपला हातात घेतल्या आणि ढेकळांतून चालू लागले. पडता पडता सावरले. पुन्हा चालू लागले. बबनरावांनी ट्रॅक्टर बंद केला.

"काका, कितीदा चाललं की वहिवाट होती?"

"रोज."

"मी बी रोज येणार, नांगरायला."

"बराबर आहे. या की."

तेव्हापासून सकाळी दोघंही तिथं हजर असतात. एक जण चालतो. दुसरा ट्रॅक्टरवर बसून, त्याचं चालणं होईस्तोवर थांबतो. मग ऊन फार झालं म्हणून न नांगरताच घरी जातो.